रनटाइम कोणी आणायचा?

सातारा जिल्ह्यातल्या औंधसारख्या गावात संगणक कुठे कुठे आहेत हे पाहायला फार फिरावे लागत नाही. शाळेत असतात, ग्रामपंचायतीत असतो, आपले सरकार सेवा केंद्रात, विकास सोसायटीत, पतसंस्थेत आणि एखाद्या डीटीपी-झेरॉक्सच्या दुकानात. त्यातले कितीतरी विंडोज ७ च्या काळातले. हार्ड डिस्क भरत आलेली, रॅम बेताची. त्यावर बसणाऱ्या माणसाला रोजचे काम उत्तम येते, पण मशीनचा अॅडमिन पासवर्ड त्याच्याकडे नसतो. तो वडूजच्या किंवा साताऱ्याच्या हार्डवेअरवाल्याकडे असतो, आणि त्याला सवड होईल तेव्हा मिळतो. अशा मशीनवर पुण्यात कोणी मनापासून लिहिलेला एखादा मराठी प्रोग्राम येतो. ग्रंथालयाची नोंदवही, सोसायटीचा हिशेब, जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे साधन, असे काहीतरी. डबल क्लिक केले की पडद्यावर चौकट उमटते: ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ अशा लांबलचक नावाची डीएलएल सापडत नाही. किंवा आधी जावा बसवा. किंवा पायथनची आवृत्ती जुळत नाही. माणूस चौकट बंद करतो, पुन्हा एक्सेल उघडतो, आणि तो प्रोग्राम त्या गावापुरता तिथेच संपतो.

हे थांबवता येते. सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिले तिचा रनटाइम सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने आपल्या पॅकेजमध्येच भरून द्यावा, वापरणाऱ्याकडे मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ज्याने तो भरून दिला, त्याने तो शेवटपर्यंत सांभाळावा. या मताची दोन्ही वाक्ये एकत्र घ्यायची आहेत. पहिले सगळ्यांना पटते, दुसरे सोयीस्करपणे गळते.

पायथन, जावा, डॉटनेट किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला प्रोग्राम स्वतःच्या बळावर चालत नाही. त्या भाषेचा अर्थ लावणारे, तिची मेमरी सांभाळणारे, तिच्या तयार फंक्शनांचा साठा पुरवणारे एक यंत्र त्याच्याखाली असावे लागते. तोच रनटाइम. १९९५ मध्ये जावा आले तेव्हा कल्पना अशी होती की हे यंत्र प्रत्येक संगणकावर एकदाच बसेल आणि सगळे प्रोग्राम ते वाटून वापरतील. कल्पना उदात्त होती. पण ती टिकायला ते यंत्र प्रत्येक संगणकावर कोणीतरी बसवायला हवे, अद्ययावत ठेवायला हवे, आणि त्याच्या दोन आवृत्त्यांत भांडण होऊ देता कामा नये. विंडोजवर हे काम कोणाचेच नव्हते. जावाची कर्ती कंपनी सन आणि मायक्रोसॉफ्ट यांचा जावावरून कोर्टात वाद झाला, त्यात २००१ च्या जानेवारीत तडजोड झाली, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये जावा दिलेले नव्हते. दोन मोठ्या कंपन्यांच्या झगड्याची किंमत पुढची वीस वर्षे गावोगावच्या ऑपरेटरांनी मोजली.

आपल्याकडच्या कर सल्लागारांना आणि निविदा भरणाऱ्या कंत्राटदारांना हा इतिहास वेगळा सांगायला नको. प्राप्तिकर खात्याच्या विवरणपत्राची जावा युटिलिटी अनेक वर्षे होती. ती उघडण्यासाठी जेआरई ८, म्हणजे जावाचा रनटाइम, आधीच बसवलेले असावे लागे. ई-निविदांच्या संकेतस्थळांवर डिजिटल सही करायची तर ब्राउझरमध्ये जावा चालू असणे गरजेचे होते. मग क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ब्राउझरमधल्या जावाची वाट पूर्ण बंद केली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. लोकांनी काय केले? जुना फायरफॉक्स जपून ठेवला, अपडेट बंद केले, इंटरनेट एक्सप्लोररच्या सुरक्षा सेटिंग एकेक करून सैल केल्या. निविदेची मुदत संध्याकाळी पाचला संपणार असेल तर माणूस दुसरे काय करील? सुरक्षिततेसाठी केलेल्या बदलाने हजारो मशीन आणखी असुरक्षित झाली, कारण रनटाइम वापरणाऱ्याच्या गळ्यात होता. त्यात भर म्हणून १६ एप्रिल २०१९ पासून जावाची नवी मालक ओरॅकलने जावा ८ च्या नव्या अपडेटांचा परवाना बदलला. घरगुती वापर फुकट राहिला, व्यावसायिक वापराला पैसे लागू झाले. आता छोट्या दुकानदाराने परवान्याची कलमेही वाचायची होती.

याच काळात दुसरी वाटही दिसत होती. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला. त्याच्या विवरणपत्रांचे ऑफलाइन टूल बसवले की संगणकावरच एक छोटा सर्व्हर सुरू होतो आणि पान ब्राउझरमध्ये उघडते. व्यापाऱ्याला त्यासाठी वेगळे जावा शोधत बसावे लागले नाही. त्या टूलबद्दल तक्रारी पुष्कळ झाल्या, त्यातल्या कित्येक रास्त होत्या. पण ‘आधी अमुक बसवून या’ असे त्याने दारातच म्हटले नाही, हे श्रेय त्याला द्यायला हवे.

वाटून वापरायच्या रनटाइमचा खरा त्रास दुसरे सॉफ्टवेअर येते तेव्हा सुरू होतो. एकाला पायथन ३.६ हवे, दुसऱ्याला ३.११. एकाच्या सेटअपने ‘पाथ’ या व्यवस्थेच्या यादीत आपले फोल्डर सर्वांत वर घातले, की दुसऱ्याला नकळत चुकीचा पायथन सापडू लागतो. कोणी पहिले सॉफ्टवेअर काढून टाकले की दुसरे मेले. हा दोष कोणत्याच प्रोग्राममध्ये नसतो, दोघांच्या शेजारात असतो. म्हणून तो शोधायला जाणकार लागतो, आणि खटाव-माणसारख्या भागात तो जाणकार पन्नास किलोमीटरवर असतो.

पॅकेजमध्ये रनटाइम भरण्याची साधने आज सगळ्या प्रमुख भाषांकडे आहेत. पायथनने २०१५ मध्ये, ३.५ या आवृत्तीपासून, विंडोजसाठी ‘एम्बेडेबल’ पॅकेज द्यायला सुरुवात केली. सुमारे १० एमबीची झिप. ती आपल्या प्रोग्रामच्या फोल्डरात उलगडायची. तिच्यातली एक छोटी फाइल पायथनला सांगते की लायब्ररी फक्त इथेच शोध, संगणकावर इतरत्र असलेल्या पायथनकडे पाहू नकोस. रजिस्ट्रीत नोंद नाही, अॅडमिन पासवर्ड नाही, पेनड्राइव्हवरूनही चालते. जावाने सप्टेंबर २०१७ च्या नवव्या आवृत्तीत ‘जेलिंक’ आणले. प्रोग्रामला लागणारे तेवढेच भाग घेऊन ते छोटा रनटाइम बनवते. जावाचा अख्खा विकास संच काहीशे एमबीचा असतो, हा साधारण ४० एमबीपासून सुरू होतो. मार्च २०२१ च्या सोळाव्या आवृत्तीपासून ‘जेपॅकेज’ त्याचा नीट इन्स्टॉलरही बांधून देते. त्याआधीच, २०१८ च्या अकराव्या आवृत्तीपासून, जावाच्या कर्त्यांनी वेगळा जेआरई देणे थांबवले होते. म्हणजे नव्या आवृत्त्यांसाठी ‘आधी जावा बसवा’ हा सल्ला खुद्द जावाच्या घरीही आता दिला जात नाही. ओपनजेडीके हे जावाचे मुक्त रूप आणि पायथन यांचे परवाने पुनर्वितरणाला मोकळीक देतात. परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा आणि त्यातल्या अटी पाळायच्या, एवढे पथ्य.

पण झिप उलगडली म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांमुळेच सुरुवातीला सांगितलेली ती चौकट येते. पायथनची ही झिप स्वतः मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइमवर उभी असते, आणि तो तिच्यात नसतो. तो पुरवणे ही इन्स्टॉलर करणाऱ्याची जबाबदारी आहे, असे पायथनच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिले आहे. विंडोज १० मध्ये तो आधीच असतो. विंडोज ७ मध्ये अपडेटाने यावा लागतो, आणि ज्या मशीनला वर्षानुवर्षे अपडेट मिळाले नाही तिथे तो नसतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या नव्या लॅपटॉपवर सगळे सुरळीत चालते. म्हणून त्याला हे कळतच नाही. अर्धे भरलेले पॅकेज हे न भरलेल्यापेक्षा वाईट, कारण त्याच्यावर ‘काहीही बसवावे लागत नाही’ असा विश्वास टाकलेला असतो.

चांगल्या पॅकेजचे उदाहरण पाहायचे तर लिबरऑफिस घ्या. त्यातले मॅक्रो पायथनमध्ये लिहिता येतात, आणि विंडोजवर तो पायथन लिबरऑफिसच्या आतच येतो. जावा मात्र त्यात नाही. बेस या त्यातल्या डेटाबेसच्या भागातल्या काही सोयी वापरायच्या तर ते बाहेरून आणावे लागते. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही धोरणे शेजारी शेजारी आहेत. पायथनचा भाग लोक नकळत वापरतात, जावाच्या भागापाशी अडतात. आणि मराठी लेखकाला याहून जवळची गोष्ट अशी: फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिसने अक्षरे जुळवण्याचे कामही ऑपरेटिंग सिस्टिमकडून काढून घेऊन हार्फबझ या सोबत आणलेल्या लायब्ररीवर टाकले. त्यामुळे विंडोजवरचा ‘र्‍या’, ‘क्ष्य’ आणि ‘द्ध्य’ लिनक्सवरही त्याच नियमांनी जुळू लागला. देवनागरीपुरते पाहिले तर सोबत आणण्याचा फायदा आपल्याला इंग्रजीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. जुन्या यंत्रणांनी आपली जोडाक्षरे कधीच नीट सांभाळली नव्हती.

पाणलोटाचे नकाशे करणाऱ्यांचे क्यूजीआयएस दुसरे उदाहरण. दुष्काळी पट्ट्यात, औंधच्या आसपासच्या गावांत, ओढ्या-नाल्यांचा आणि बंधाऱ्यांचा नकाशा हा चैनीचा विषय नाही. क्यूजीआयएसचा विंडोज इन्स्टॉलर आपला पायथन आणि डझनभर भूगोली लायब्ररी घेऊन येतो. आकार एक गिगाबाइटच्या पुढे. पेनड्राइव्हवर एकदा आणला की इंटरनेटशिवाय बसतो. त्या एका गिगाबाइटबद्दल मी एक शब्दही वावगा बोलणार नाही.

औंधचे नाव मी केवळ नमुन्याचे गाव म्हणून घेतलेले नाही. हा प्रश्न औंधने संगणकाच्या कितीतरी आधी, राज्यकारभारात, हाताळला होता. औंध संस्थानात ७२ गावे होती, पण ती एका जागी नव्हती. औंध, कुंडल, आटपाडी असे तुकडे सातारा-सांगलीच्या आजच्या मुलखात विखुरलेले, गुणदाळचा तुकडा तर विजापूरकडे. मध्ये ब्रिटिश मुलूख आणि दुसरी संस्थाने. केंद्रात एक सुसज्ज कचेरी ठेवून सगळ्या तुकड्यांना तिच्यावर अवलंबून ठेवणे म्हणजे कोणालाच काही वेळेवर न मिळणे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर, कारखाना काढला. तिथे बाजार नव्हता, वस्ती नव्हती, पाण्याची सोय नव्हती. म्हणून नांगराच्या कारखान्याबरोबर त्यांना वसाहतही उभी करावी लागली. आजूबाजूला काहीच नसेल तर लागणारे सगळे सोबत न्यावे लागते, हे किर्लोस्करवाडीच्या जन्मातच आहे.

पुढे जानेवारी १९३९ मध्ये औंधचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता सोडून प्रजेला स्वराज्याची घटना दिली. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पा पंत होते, आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे अभियंते होते. या घटनेने गावाला पंचायत दिली, न्यायनिवाड्याचे अधिकार दिले, महसुलाचा मोठा वाटा गावातच ठेवला. गाव आपल्या कामापुरते स्वतःत पुरे असावे, ही तिची धारणा. मात्र ज्यांना ‘औंधचा प्रयोग’ म्हणजे गावाला मोकळे सोडणे एवढेच वाटते त्यांनी तिचा उरलेला अर्धा भाग पाहावा. पंचायतींचे प्रमुख मिळून तालुका समिती होत असे, आणि समितीचे प्रतिनिधी विधिमंडळात जात. गाव स्वतःत पुरे होते, पण तुटलेले नव्हते. वरून येणारी देखरेख आणि मदत हा त्या रचनेचाच भाग होता. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झाले आणि प्रयोग थांबला. रचनेची ही समज मात्र जुनी झालेली नाही. सॉफ्टवेअरच्या पॅकेजला तीच लागते: चालताना कोणावर अवलंबून नको, पण ज्याने बनवले त्याच्याशी नाते मात्र चालू हवे.

इथेच विरोधकांचा सर्वांत सबळ मुद्दा येतो, आणि मी तो गंभीरपणे घेतो. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांत एक लायब्ररी संगणकावर एकदाच असते. तिच्यात खोट निघाली की सुरक्षा पथक ती एका ठिकाणी दुरुस्त करते आणि तिच्यावरचे सगळे प्रोग्राम एका अपडेटात सुरक्षित होतात. पॅकेजमध्ये प्रती भरण्याला तिथे धोरणानेच विरोध आहे. तो विरोध अनुभवातून आला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफॉरजे या लायब्ररीत भयंकर खोट उघड झाली, तेव्हा जगभरच्या संस्थांना पहिला प्रश्न पडला तो दुरुस्तीचा नव्हता. ती लायब्ररी आपल्याकडे कुठे कुठे आहे, हेच कळेना. ती जार या जावाच्या पॅकेज-फाइलच्या पोटातल्या जारमध्ये भरलेली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रे उघडणाऱ्या लायब्ररीतली खोट क्रोमने तातडीने बुजवली. पण इलेक्ट्रॉन या साधनावर बनलेल्या प्रत्येक अॅपच्या पोटात क्रोमियमची, म्हणजे क्रोमच्या गाभ्याची, स्वतंत्र प्रत असते. त्या प्रत्येकाला आपापले अपडेट काढावे लागले, आणि ज्यांचे कर्ते झोपले होते त्यांचे वापरकर्ते उघडे पडले.

मग डेबियनची पद्धत सरसकट का घेऊ नये? कारण तिथे ते पथक आहे. रात्री-अपरात्री खोटीवर काम करणारी, नावानिशी जबाबदार माणसे आहेत. सेवा केंद्रातल्या विंडोज मशीनवर तसे कोणी नाही. वाटून वापरायची गोष्ट तेव्हाच सुरक्षित राहते जेव्हा तिला वाली असतो. वाली नसलेला सामायिक जेआरई म्हणजे सात वर्षे अपडेट न झालेला जेआरई, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन पाहता येईल. तेव्हा निवड सामायिक आणि खासगी यांच्यात नाही, वाली असलेल्या आणि नसलेल्या रनटाइममध्ये आहे. विंडोजच्या जगात त्या रनटाइमचा वाली होऊ शकेल असा एकच माणूस उरतो: सॉफ्टवेअर बनवणारा.

ही जबाबदारी किती जड असते हे कॅलिबरच्या कर्त्याला विचारावे. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने २००६ मध्ये सुरू केलेले ई-पुस्तकांचे हे साधन आज जगभर वापरले जाते. ते आपला पायथन आणि बाकी सगळ्या लायब्ररी सोबत घेऊन येते. लिनक्सवरसुद्धा वितरणाची प्रत न घेता आमचीच घ्या, असे ते सांगते. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधार संपणार होता, तेव्हा गोयल यांनी आधी बदलायला नकार दिला होता. गरज पडली तर पायथन २ आपण स्वतः सांभाळू, अशी त्यांची भूमिका होती. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये पाचवी आवृत्ती पायथन ३ वर आली. विंडोजवरच्या सामान्य वाचकाला या उलथापालथीसाठी काहीही बसवावे वा काढावे लागले नाही. जी जुनी प्लगिन बदलली नव्हती ती तेवढी बंद पडली. एवढ्या मोठ्या स्थलांतराचे ओझे कर्त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उचलले, लाखो वाचकांवर टाकले नाही. ओझ्याची वाटणी अशीच असायला हवी.

आकाराचा आक्षेप मला तितका टिकाऊ वाटत नाही. दहा-चाळीस एमबीच्या रनटाइमसाठी कोणी गळा काढू नये. सोसायटीच्या सभासदांची यादी दाखवण्यासाठी शंभर एमबीच्या वरचे अख्खे क्रोमियम भरणे मात्र आळसाचे लक्षण आहे, आणि जुन्या मशीनची रॅम त्यात गुदमरते. जे काम पायथनच्या साध्या खिडकीने होते त्यासाठी ब्राउझर भरू नये.

याहून अवघड प्रश्न विंडोज ७ चा. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार १४ जानेवारी २०२० ला थांबवला. पायथन ३.९ पासून त्यावर चालत नाही. ३.८ चालते, पण त्याचाही आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. फेब्रुवारी २०२३ पासूनच्या क्रोमियमने आणि इलेक्ट्रॉनने त्याला सोडले. म्हणजे त्या मशीनसाठी पॅकेज करायचे तर अनाथ रनटाइमच भरावा लागतो. शुद्धतावादी म्हणतील, भरूच नका, नवे मशीन घ्यायला सांगा. ज्या शाळेला खडू-फळ्याचा खर्च जुळवावा लागतो तिला हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. इंटरनेटला हात न लावणारा, बाहेरून आलेल्या अनोळखी फाइल न उघडणारा, फक्त स्वतःच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम असेल तर ३.८ भरून द्यावा आणि पहिल्याच पडद्यावर मराठीत तसे लिहावे. जो प्रोग्राम नेटवर जातो, पैसे किंवा आधार क्रमांक हाताळतो, त्याच्यासाठी जुना रनटाइम भरणे मी गुन्ह्याइतके गैर मानतो. तिथे नाही म्हणण्याचे धैर्य हवे.

शासन इथे बरेच काही करू शकते, तेही पैसे न घालता. सॉफ्टवेअरची कामे देताना मान्यतेची चाचणी केवळ मंत्रालयातल्या नव्या मशीनवर होऊ नये. ती एखाद्या ग्रामपंचायतीतल्या मशीनवर, साध्या खात्यातून, इंटरनेट काढून व्हावी. आतमध्ये कोणते रनटाइम आणि कोणत्या लायब्ररी भरल्या आहेत याची यादी कंत्राटाबरोबर घ्यावी, म्हणजे उद्या नवी खोट निघाली की शोधाशोध करावी लागणार नाही. आणि कंत्राट संपल्यावर त्या भरलेल्या वस्तूंचे अपडेट कोण काढणार, हे कागदावर नावानिशी असावे. आज अनेक कामांत ते कुठेच लिहिलेले नसते.

मराठीत डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिणारे थोडे आहेत. त्यातले बरेच नोकरी सांभाळून, पदरमोड करून लिहितात. त्यांना माझी विनंती आहे. पुढची आवृत्ती बाहेर काढण्याआधी तुमच्या लॅपटॉपहून वेगळे, जुने, नेट न जोडलेले एक मशीन मिळवा. तिथे अॅडमिन नसलेल्या खात्यातून पेनड्राइव्हवरचे पॅकेज उघडा. सी रनटाइमपासून फाँटपर्यंत जे कमी पडेल ते भरा. काय भरले, कोणत्या आवृत्तीचे भरले आणि त्याचा आधार कधी संपतो, हे ‘माहिती’च्या खिडकीत लिहा. पेनड्राइव्हवरून बसेल असे छोटे अपडेट ठेवा. आणि ज्या दिवशी सांभाळणे शक्य होणार नाही असे वाटेल, त्या दिवशी मूळ कोड मोकळा करून दुसऱ्याच्या हाती द्या.